थोडंसं खाल्लं तर चालेल का? अन्न न पचणं आणि अन्नाची ॲलर्जी: नव्याने कळलेल्यांसाठी

आमच्या घरात ताटाच्या बाबतीत दोघं जण वेगळे आहोत. मला दूध पचत नाही. माझ्या बहिणीच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. लग्नात, बारशाला, हळदीकुंकवाला आम्हा दोघांनाही एकच आग्रह होतो: “थोडंसं घे, एवढ्याशाने काही होत नाही.” मला एवढ्याशाने खरंच काही होत नाही. त्याला मात्र एवढ्याशाने दवाखाना गाठावा लागतो, आणि उशीर झाला तर जिवावर बेततं.

तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला नुकतंच “अमुक खाऊ नका” असं सांगितलं गेलं असेल, किंवा आपल्याला काहीतरी बाधतंय असं तुमचं तुम्हालाच जाणवलं असेल, तर सुरुवात कुठून करायची ते क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही. बारा वर्षं स्वतःचं पोट आणि सहा वर्षं भाच्याचा डबा सांभाळताना, डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारून विचारून जे शिकले ते हे.

पायरी १: “वावडं” आणि “पित्त” हे शब्द जरा बाजूला ठेवा

वावडं हा आपला जुना, सोयीचा शब्द. पण त्यात सगळंच मावतं. खाल्ल्यावर पोट फुगतं तेही वावडं आणि श्वास अडकतो तेही वावडं. पित्ताचं तर आणखी अवघड. घशाशी आंबट येतं ते पित्त, डोकं ठणकून उलटी होते ते पित्त, आणि अंगावर लाल गांध्या उठून खाज सुटते तेव्हाही आपण “पित्त उठलं” म्हणतो.

भाचा तीन वर्षांचा असताना त्याने दाण्याच्या लाडवाचा एक घास खाल्ला. पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या. त्याच्या आजीने मायेने आमसुलं भिजत घातली, पाणी अंगाला लावायला. तेवढ्यात तो खोकायला लागला, ओकला आणि एकदम मलूल झाला. बहिणीने त्याला उचललं आणि खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात धावत नेलं. आजींची त्यात काही चूक नव्हती. आमच्याकडे त्या प्रसंगासाठी शब्द एकच होता, आणि त्या शब्दावरचा उपायही एकच ठाऊक होता.

म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा वावडं, पित्त, वात असं न म्हणता जे घडलं ते घडलं तसं सांगा. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळाने काय झालं. “खाल्ल्यावर दहा मिनिटांत ओठ सुजले” आणि “दीड तासाने पोट फुगलं, मग जुलाब झाले” ही दोन वाक्यं डॉक्टरांना दोन वेगळ्या दिशांना नेतात. गांध्यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा; दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्या बऱ्याचदा मावळलेल्या असतात.

पायरी २: आत काय घडतं ते एकदा समजून घ्या

ॲलर्जीत चूक होते ती शरीराच्या पहारेकऱ्यांची. अन्नातल्या एखाद्या साध्या प्रथिनाला ते शत्रू समजतात आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवतात. पुढच्या वेळी ते प्रथिन पोटात गेलं की हिस्टामिनसारखी रसायनं एकाच वेळी अंगभर सुटतात. काही मिनिटांत, फार तर दोन तासांत लक्षणं दिसतात, आणि ती पोटापुरती राहत नाहीत: त्वचा, ओठ, घसा, श्वास, रक्तदाब, कुठेही.

हे रक्तातूनच होतं, हे १९२१ साली दोन डॉक्टरांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. क्यूस्टनर यांना मासे चालत नसत. त्यांच्या रक्तातला द्रव प्राउसनित्झ यांच्या कातडीत टोचला, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि मासे आनंदाने खाणाऱ्या प्राउसनित्झ यांच्या कातडीवर तिथेच गांधी उठली. ते “रक्तातलं काहीतरी” म्हणजे आयजीई, हे कळायला १९६०च्या दशकाची अखेर यावी लागली.

न पचण्यात हे पहारेकरी कुठेच नसतात. एखादी साखर फोडणारं विकर (एन्झाइम) कमी पडतं, किंवा ती साखर आतड्यात नीट शोषली जात नाही. न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जातो, तिथले जिवाणू त्याला आंबवतात, वायू होतो, पाणी ओढलं जातं. मग पोट गुडगुडतं, फुगतं, कळ येते, जुलाब होतात. हाल होतात, दिवस वाया जातो, पण जीव जात नाही.

दोन्हींत खरा फरक पाडतो तो मात्रेचा प्रश्न. दूध न पचणाऱ्याने विचारायचं, “किती?” ॲलर्जी असलेल्याने विचारायचं, “आहे की नाही?” पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांवरच उभ्या आहेत.

पायरी ३: धोक्याची लक्षणं घरातल्या सगळ्यांना पाठ हवीत

बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, हे आजच वाचा.

काही खाल्ल्यावर थोड्या वेळात ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, आवाज बसला, घसा आवळल्यासारखा झाला, श्वासात सूं-सूं आवाज आला, एकसारख्या उलट्या झाल्या, चक्कर येऊन माणूस पांढराफटक पडला, तर ही ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अंगभर पसरणारी जीवघेणी ॲलर्जी, असू शकते. अंगावर गांध्या असतीलच असं नाही. यावरचं पहिलं औषध ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. सेटिरिझिनसारखी गोळी खाज कमी करते; घसा मोकळा करत नाही, रक्तदाब सावरत नाही. गोळी देऊन “बघू अर्धा तास” म्हणत बसू नका.

महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ला फोन करा, “खाण्यातून ॲलर्जी, श्वासाला त्रास” असं स्पष्ट सांगा. माणसाला आडवं झोपवा, पाय उशीवर उंच ठेवा. श्वास लागत असेल तर बसू द्या, पण उठून चालायला लावू नका. एकदम उभं केल्याने रक्तदाब घसरतो. बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयात थांबायचं, कारण लक्षणं ओसरून पुन्हा उसळू शकतात.

परदेशात पेनासारखं तयार इंजेक्शन मिळतं. आपल्याकडे ते दुकानात सहज मिळत नाही. आमच्या डॉक्टरांनी ॲम्प्यूल, म्हणजे औषधाची छोटी काचेची कुपी, आणि सिरिंज लिहून दिली, मुलाच्या वजनावरून मात्रा ठरवली, आणि बहीण, भावोजी, आजी, मी अशा चौघांना पाण्याने भरलेल्या सिरिंजवर सराव करायला लावला. आजी पहिल्यांदा घाबरल्या होत्या. आज आमच्यात त्यांचाच हात सगळ्यात स्थिर आहे. वजन वाढलं की मात्रा बदलते, हेही डॉक्टरांना दर भेटीत विचारायचं.

पायरी ४: दोन आठवडे वही

ज्यांचा त्रास पोटापुरता आहे त्यांच्यासाठी वहीसारखं साधन नाही. वेळ, खाल्लेलं, मात्रा, त्रास, झोप, पाळी, काळजीचं काही असेल तर तेही. चहा लिहा, चहातलं दूध किती तेही लिहा. बिस्किटं लिहा. माझ्या वहीत सोमवार ते शुक्रवार काही नव्हतं आणि दर रविवारी संध्याकाळी पोटाचे हाल. मी आठवडाभर दोष भजीच्या तेलाला देत होते. वहीने बासुंदीकडे बोट दाखवलं.

एक बजावून सांगते. पोटापुरत्या त्रासात एखादा पदार्थ दोन आठवडे बंद करून पुन्हा खाऊन पाहणं ठीक आहे. पण ज्या पदार्थाने ओठ सुजले, गांध्या उठल्या किंवा श्वास लागला, तो “पुन्हा एकदा बघू” म्हणून घरी कधीही चाखायचा नाही. ती परीक्षा रुग्णालयात, डॉक्टरांसमोर.

पायरी ५: तपासणी कोणती, आणि पैसे कुठे घालवू नयेत

ॲलर्जीसाठी कातडीवर टोचून पाहण्याची आणि रक्तातली आयजीई मोजण्याची तपासणी असते. दोन्ही उपयोगी, पण एकट्याने निकाल देणाऱ्या नाहीत. कर्नाटकात प्रौढांवर झालेल्या एका मोठ्या पाहणीत साधारण चौघांतल्या एकाच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची आयजीई सापडली; ॲलर्जी असावी असं प्रत्यक्षात दिसलं ते जेमतेम १.२ टक्के लोकांत. म्हणजे अहवालात वीस पदार्थांपुढे अधिकचं चिन्ह आलं म्हणून वीस पदार्थ बंद करायचे नसतात. जे खाऊन आजवर काही झालेलं नाही, ते अहवालाच्या भीतीने सोडू नका; आधी डॉक्टरांशी बोला.

“एका रक्ताच्या थेंबात दोनशे पदार्थांची असहिष्णुता ओळखा” अशा जाहिराती बऱ्याचदा आयजीजी नावाच्या वेगळ्या प्रतिपिंडांच्या असतात. आयजीजी ही आपण जे नेहमी खातो त्याची शरीराने ठेवलेली नोंद असते. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही तपासणी निदानासाठी वापरू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने असा अहवाल घेऊन गहू, तांदूळ, दूध, टोमॅटो सगळं सोडलं आणि चार महिन्यांत अशक्त होऊन बसली. मला त्याचा फार राग येतो. आधीच त्रासलेल्या माणसाच्या ताटातून विनाकारण घास काढून घेणं आहे ते.

दूध पचतं का हे पाहायला श्वासाची तपासणी असते. उपाशीपोटी लॅक्टोजचं पाणी प्यायचं आणि दोन-तीन तास ठरावीक वेळाने नळीत फुंकायचं. न पचलेल्या साखरेतून जिवाणू हायड्रोजन तयार करतात, तो रक्तातून फुप्फुसात आणि श्वासात येतो, तोच मोजतात. मोठ्या शहरांत पोटविकारतज्ज्ञांकडे ही सोय असते.

गव्हाचा संशय असेल तर मात्र तपासणीआधी गहू बंद करू नका. का, ते खाली.

पायरी ६: आपल्या पदार्थाची नीट ओळख करून घ्या

*दूध.* दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, साधारण १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम. ती फोडणारं लॅक्टेज हे विकर तान्हेपणी भरपूर असतं आणि अंगावरचं दूध सुटल्यावर बहुतेक माणसांत कमी होत जातं. जगातल्या सुमारे दोनतृतीयांश प्रौढांचं असंच आहे. आपल्या देशात उत्तरेत दूध पचवणारे जास्त, दक्षिणेकडे कमी. तेव्हा हा आजार समजून खचून जाऊ नका; माणसाच्या शरीराची ही जुनीच रीत आहे.

आता “किती?” हा प्रश्न. दूध न पचणाऱ्यांपैकी बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारसा त्रास न होता सोसतं, जेवणासोबत असेल तर आणखी चांगलं. चहाच्या कपात ४० मिलिलिटर दूध म्हणजे २ ग्रॅम. काहीच नाही. पण बासुंदी घ्या: लिटरभर दूध आटवून निम्मं केलं तर १५० मिलिलिटरच्या एका वाटीत ३०० मिलिलिटर दुधाचं लॅक्टोज, म्हणजे १५ ग्रॅम. आग्रहाची दुसरी वाटी घेतली की ३०. माझ्या रविवारचं कोडं असं सुटलं. खवा म्हणजे आटवलेलं दूधच, त्यामुळे गुलाबजाम जपून. पण एका लहानशा पेढ्यात तीनेक ग्रॅमच असतं, तेव्हा प्रसादाचा पेढा नाकारायची गरज मला आता वाटत नाही.

दही लावताना जिवाणू काही लॅक्टोज खाऊन टाकतात आणि उरलेलं पोटात पचवायलाही मदत करतात. म्हणून दूध न सोसणाऱ्या कितीतरी जणांना दही आणि ताक चालतं. चक्का टांगला की खाली गळणाऱ्या पाण्याबरोबर आणखी लॅक्टोज निघून जातं, त्यामुळे बासुंदीपेक्षा श्रीखंड बरं. पनीरचंही तेच, पाण्याबरोबर साखर जाते. तुपात तर ती जवळजवळ नसतेच. मला हे कळलं त्या पाडव्याला मी कितीतरी वर्षांनी श्रीखंड-पुरी निर्धास्त जेवले. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू.

म्हशीचं सोडून गाईचं, गाईचं सोडून “ए-टू” दूध घेतल्याने लॅक्टोज कमी होत नाही. लॅक्टोज-फ्री दुधात विकर घालून साखर आधीच फोडलेली असते, म्हणून ते चवीला जरा गोड लागतं. दूध कमी केलंत तर कॅल्शियमकडे लक्ष द्या: दही, तीळ, आणि नाचणी, जिच्यात १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.

लहान मुलाला जुलाबाच्या आजारानंतर काही आठवडे दूध पचेनासं होतं आणि मग पूर्ववत होतं. त्यासाठी अंगावरचं दूध तोडू नका.

दुधाची ॲलर्जी मात्र यातलं काहीच नाही. ती दुधातल्या प्रथिनांची असते, आणि लॅक्टोज-फ्री दुधात प्रथिनं तशीच्या तशी असतात. दही, ताक, पनीर काहीच चालत नाही. “शेळीचं द्या, हलकं असतं” हा सल्ला तर धोक्याचा, कारण गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना शेळीच्या दुधानेही त्रास होतो. तान्ह्या बाळाच्या शीमध्ये रक्त दिसलं तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे.

*गहू.* “गहू सोसत नाही” या एका वाक्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. गव्हाची ॲलर्जी. गव्हातल्या फ्रुक्टान नावाच्या साखरेने होणारा पोटाचा त्रास. आणि सीलिॲक, जी ॲलर्जीही नाही आणि साधं न पचणंही नाही: गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याचं नुकसान करतं. पंडुरोग, वजन न वाढणं, मुलांची उंची खुंटणं, एवढंच लक्षण असू शकतं. पोट दुखेलच असं नाही. सीलिॲकचा गव्हाशी संबंध लक्षात आला तो हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना. १९४४-४५च्या हिवाळ्यातल्या उपासमारीत पाव मिळेनासा झाला तेव्हा ही मुलं उलट सुधारली, यातून त्यांची खात्री पटली.

सीलिॲकसाठी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि गरज पडली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा. गहू आधीच सोडला असेल तर दोन्ही खोट्या “ठीक” येऊ शकतात. म्हणून तपासणी होईपर्यंत पोळी खात राहा.

निदान झालं तर मराठी स्वयंपाकघर हे नशिबाने फार मदतीचं आहे: ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, आणि उपवासाच्या फळीवरचं राजगिरा, वरई, शिंगाड्याचं पीठ, साबुदाणा. धोका आहे तो गिरणीत. आधी कुणाचे गहू दळले त्याच जात्यातून तुमची ज्वारी गेली तर पिठात गहू आलाच. सीलिॲकमध्ये तेवढंही चालत नाही. घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये, हा खर्च करण्यासारखा आहे. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो. बांधणीच्या हिंगात पुष्कळदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, डबी वाचून घ्या. सोया सॉसमध्येही गहू असतो.

*कांदा, लसूण, कडधान्यं.* ज्यांचं पोट कायम फुगलेलं असतं त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५च्या सुमारास फॉडमॅप नावाची पद्धत मांडली. आतड्यात आंबणाऱ्या साखरांचा तो गट: कांदा-लसूण-गहू यांतलं फ्रुक्टान, राजमा-छोले-मसूर यांतल्या साखरा, पिकलेल्या आंब्यातलं आणि मधातलं जास्तीचं फ्रुक्टोज, फ्लॉवर आणि मशरूममधलं मॅनिटॉल. दोन ते सहा आठवडे हे कमी करायचं, मग एकेक परत आणून आपल्याला काय आणि किती सोसतं ते शोधायचं. पहिल्या टप्प्यावरच अडकून राहू नका. आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं पोट याच साखरांवर भरतं. आहारतज्ज्ञ सोबत असेल तर उत्तम.

कांद्या-लसणाशिवाय जेवायचं कसं, असं कुणी विचारलं की मला माझ्या आजीचा चातुर्मास आठवतो. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, भजी-थालीपिठांवर ताव मारायचा आणि मग चार महिने कांदा-लसूण बंद. तेवढ्या काळात घरात बेचव काही शिजलं नाही. हिंग, जिरं, आलं, ओलं खोबरं, कोथिंबीर यांनी सगळं निभावलं. आणखी दोन युक्त्या. फ्रुक्टान पाण्यात उतरतं, तेलात नाही. म्हणून लसूण तेलात तळून पाकळ्या काढून टाका, वास राहतो, त्रास जातो. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग बहुतेकांना चालतो. कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्या. मुगाची डाळ बऱ्याच जणांना सोसते.

*मासे.* कोकण-गोव्यातल्या वाचकांसाठी हे मुद्दाम. बांगडा, कुपा हे मासे पकडल्यावर बर्फात नीट राहिले नाहीत, तर त्यांच्या मांसात जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होतं. ते खाल्लं की चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगावर चट्टे येतात, छातीत धडधडतं. दिसायला हुबेहूब ॲलर्जी. पण दोष माशाचा नसून त्याच्या शिळेपणाचा असतो, आणि कितीही शिजवलं तरी ते हिस्टामिन जात नाही. खूण अशी: एकाच कालवणाने घरातल्या तिघा-चौघांना एकदम झालं, तर संशय माशावर. दर वेळी तुम्हालाच आणि ताज्या माशानेही होतं, तर ॲलर्जीतज्ज्ञांकडे जा.

कोळंबी, कुर्ल्या, शेवंड यांतलं ॲलर्जीचं मुख्य प्रथिन ट्रोपोमायोसिन. शिजवून ते नष्ट होत नाही. सोडे, जवळा, करंदी यांतही तेच. भाजीत चवीपुरते घातलेले चार सोडे पुरे होतात, तेव्हा विचारून घ्या. सुरमई-पापलेटातलं प्रथिन वेगळं असतं, त्यामुळे कोळंबी न चालणाऱ्या कितीतरी जणांना मासे चालतात. मात्र हे ठरवायचं तज्ज्ञांनी. धुळीतल्या सूक्ष्म किडींत आणि झुरळांतही ट्रोपोमायोसिन असतं, म्हणून धुळीची ॲलर्जी असलेल्याचा कोळंबीचा अहवाल उगाचच वाढलेला येऊ शकतो.

पायरी ७: पुडा वाचायला शिका

आपल्याकडच्या २०२०च्या लेबलिंग नियमांनुसार आठ गट पुड्यावर लिहिणं बंधनकारक आहे: ग्लुटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकडा वर्ग, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणाच्या वर सल्फाइट, म्हणजे पदार्थ टिकावा म्हणून घालतात ते रसायन. घटकांच्या यादीजवळ ते लिहिलेलं असतं. तीळ आणि मोहरी या यादीत नाहीत. तिळाची ॲलर्जी असेल तर पूर्ण घटकयादी वाचण्यावाचून इलाज नाही, आणि संक्रांत हा आपला सावध राहण्याचा सण.

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. दूध नसल्याची खूण नव्हे. “लॅक्टोज-फ्री” माझ्यासाठी, दुधाची ॲलर्जी असलेल्यासाठी नाही. नेहमीचा पुडाही दर वेळी वाचा, कृती बदललेली असते.

परदेशात राहणाऱ्यांसाठी: ब्रिटन आणि युरोपात चौदा गट सांगावे लागतात, त्यांत तीळ आणि मोहरी दोन्ही आहेत. अमेरिकेत नऊ, तीळ नववा, १ जानेवारी २०२३पासून. तिथे मंडळाच्या गणपतीला घरून पदार्थ नेत असाल तर डब्यावर चिठ्ठी चिकटवा. फोडणीत मोहरी आहे हे आपल्याला सांगावंसं वाटत नाही, इतकी ती आपल्या हाताची. पण कुणाला तरी ते कळायला हवं असतं.

पायरी ८: माणसांना सांगणं

हे सगळ्यात अवघड. आपल्याकडे आग्रह म्हणजे प्रेम, आणि नकार म्हणजे मान न ठेवणं. मी माझ्यासाठी सांगते, “मावशी, बासुंदी अर्धी वाटीच द्या, जास्त झाली की पोट बिघडतं.” एवढं पुरतं.

भाच्यासाठी बहीण कार्याच्या दोन दिवस आधी फोन करते. “दाणे खात नाही” असं ती म्हणत नाही, कारण मग लोक भाजीतलं कूट “दिसत नाही” म्हणून वाढतात. ती म्हणते, “त्याला शेंगदाण्याने श्वास लागतो, रुग्णालयात न्यावं लागतं. कूट, चटणी, घाण्याचं तेल, काहीच नको. आणि दाण्याच्या चटणीचा चमचा दुसऱ्या भांड्यात नको.” एका लग्नात आचाऱ्यांनी कूट नाही म्हणून सांगितलं आणि काकडीच्या कोशिंबिरीत होतं. पहिल्या घासाला ओठ खाजले, त्याने स्वतः ताट बाजूला केलं, इंजेक्शनची पिशवी सोबत होती म्हणून निभावलं. तेव्हापासून कुठल्याही कार्याला त्याचा डबा घरून जातो. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलात प्रथिनाचा अंश राहतो, म्हणून घरी सूर्यफुलाचं तेल. एकादशीच्या दिवशी तर तो शेजारीपाजारी काहीच खात नाही. खिचडी, आमटी, लाडू, सगळीकडे दाणा.

शाळेला लेखी द्या, फोटोसकट, लक्षणं आणि फोन नंबर सांगून. डबा वाटून खाणं ही चांगली सवय आहे, आणि तीच मोडायला लावणं मुलाला जड जातं. भाच्याच्या बाईंनी वर्गाला सगळं समजावलं; आता वर्गातली मुलंच “यात दाणे आहेत, तू घेऊ नको” असं सांगतात.

पायरी ९: ठरावीक काळाने पुन्हा पाहा

दूध-अंड्याची ॲलर्जी बऱ्याच मुलांत वय वाढेल तशी जाते. शेंगदाण्याची साधारण पाचांतल्या एकात. न पचण्याची मर्यादाही बदलते. मला आता जेवणासोबत कपभर दूध चालतं, बारा वर्षांपूर्वी चालत नव्हतं.

भाचा आता नऊ वर्षांचा आहे. त्याच्या आयजीईचे आकडे दोन वर्षं उतरत आहेत, आणि डॉक्टर म्हणाले, या दिवाळीनंतर रुग्णालयात बसून दाण्याचा कणभर तुकडा देऊन पाहू, मग जरा मोठा, मग आणखी. सलाईनची सुई आधी लावलेली, ॲड्रेनलिन भरून ठेवलेलं, अख्खा दिवस तिथेच. त्याने मला विचारलं, “मावशी, दाण्याची चव कशी असते?” मला नीट सांगता आलं नाही. भाजलेल्या वासाची, थोडी गोडसर, असं काहीतरी म्हणाले. तोवर पिशवी दप्तरात आहे, आणि ॲम्प्यूलवरची तारीख दर महिन्याच्या एक तारखेला आजी वाचतात.